तोब्रुक ते बर्लिन : जर्मन गणवेशातील भारतीय शिपायांवरची पुस्तके

उत्तर आफ्रिकेतील तोब्रुकच्या तटबंदीवर जर्मन सेनानी रोमेल याचा निर्णायक हल्ला २० जून १९४२ रोजी पहाटे झाला. विमानांतून बॉम्बवर्षाव आणि पाठोपाठ तोफांचा भडिमार झाला तो तटबंदीच्या आग्नेय बाजूवर. तेथे मोर्चे धरून बसली होती पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण, लष्करात ‘काली पांचवी’ या नावाने ओळखली जाणारी. दुपारपर्यंत जर्मन रणगाडे तटबंदीच्या आत पोहोचले होते. दुसऱ्या दिवशी तोब्रुक पडले आणि ब्रिटिश, दक्षिण आफ्रिकी व भारतीय मिळून सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले.

‘लामावर गेला’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रातील अनेक जुन्या घरांतून अजून ऐकू येतो. लामावर गेलेला परत आला तर पेन्शन आणि पदके घेऊन येई. मारला गेला तर तार येई. कैद झालेल्याची कथा मात्र अर्धवट राहते. तोब्रुकला आणि त्याआधी १९४१ मध्ये वाळवंटातील लढायांत पकडले गेलेले भारतीय शिपाई इटलीच्या आणि पुढे जर्मनीच्या छावण्यांत गेले. त्यांतील काही हजारांनी जर्मन लष्कराचा गणवेश चढवला. बहुसंख्यांनी तो नाकारला आणि युद्ध संपेपर्यंत काटेरी तारेआड दिवस काढले. परक्या सैन्यात आधीच दाखल असलेला माणूस दुसऱ्या परक्या सैन्यात का जातो, किंवा का जात नाही, हा या विषयाचा गाभा आहे. त्याचे उत्तर देणारी पुस्तके आहेत. परंतु ती विखुरलेली आहेत, त्यांतील बरीच इंग्रजी व जर्मन भाषेत आहेत आणि कोणतेही एक पुस्तक एकट्याने पुरेसे नाही.

घटनाक्रम थोडक्यात

पुस्तकांकडे वळण्यापूर्वी घटनाक्रम ध्यानात घेतलेला बरा. सुभाषचंद्र बोस जानेवारी १९४१ मध्ये कोलकात्यातील नजरकैदेतून निसटले आणि काबूल, मॉस्कोमार्गे २ एप्रिल १९४१ रोजी बर्लिनला पोहोचले. त्याच महिन्यात लिबियातील मेचिली येथे तिसऱ्या भारतीय मोटर ब्रिगेडचे बरेच सैनिक जर्मनांच्या हाती सापडले होते. या कैद्यांतून भारतीय दल उभारण्याची कल्पना तेथूनच आकाराला आली. २ नोव्हेंबर १९४१ रोजी बर्लिनमध्ये आझाद हिंद केंद्राची रीतसर स्थापना झाली. ‘जय हिंद’ हे अभिवादन आणि ‘नेताजी’ ही उपाधी रूढ झाली ती याच वर्तुळात.

भारतीय कैद्यांना सॅक्सनीच्या परिसरातील आनाबुर्ग येथील छावणीत एकत्र आणण्यात आले. स्वेच्छेने पुढे आलेल्यांचे प्रशिक्षण आधी फ्रांकेनबर्ग आणि नंतर ड्रेस्डेनजवळील क्योनिग्सब्रुक येथे झाले. जर्मन लष्कराच्या दप्तरात हे दल ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट म्हणून नोंदले गेले. त्याची संख्या अडीच ते तीन हजारांच्या घरात गेली. उजव्या बाहीवर तिरंगी ढाल, तीवर झेप घेणारा वाघ आणि वर जर्मन भाषेत ‘स्वतंत्र भारत’ ही अक्षरे, असे त्यांचे चिन्ह होते. ब्रिटिश पद्धतीच्या जातवार आणि धर्मवार कंपन्या येथे नव्हत्या. मराठा, शीख, मुसलमान, राजपूत, गढवाली एकाच तुकडीत राहत, एकाच ठिकाणी जेवत. शपथ मात्र दुहेरी होती. भारताच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते म्हणून बोस यांचे नाव तीत होते आणि जर्मन सैन्याचा सरसेनापती म्हणून आज्ञापालन हिटलरचे होते.

स्टालिनग्राड येथे फेब्रुवारी १९४३ च्या आरंभी जर्मन सैन्य शरण गेले आणि कॉकेशसमार्गे भारताच्या सीमेवर जाण्याचे स्वप्न तेथेच संपले. त्याच आठवड्यात बोस कील बंदरातून पाणबुडीने आशियाकडे निघून गेले. मागे राहिलेल्या शिपायांना हॉलंडच्या आणि नंतर फ्रान्सच्या किनाऱ्यावर पहाऱ्याला बसवण्यात आले. फेब्रुवारी १९४४ मध्ये रोमेलने स्वतः फ्रान्समधील लाकानो येथे त्यांची पाहणी केली. तोब्रुकला ज्याने कैद केले त्यालाच सलामी देण्याचा प्रसंग काहींवर आला असणार. ऑगस्ट १९४४ मध्ये हे दल वाफेन एसएसच्या ताब्यात गेले. फ्रान्समधून माघार घेताना प्रतिकारकांशी चकमकी झडल्या; नागरिकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी फ्रेंच बाजूने नोंदल्या गेल्या. १९४५ च्या वसंतात उरलेल्यांनी कॉन्स्टान्स सरोवराकडून स्वित्झर्लंडमध्ये शिरण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि अमेरिकी व फ्रेंच सैन्याने त्यांना पकडले. पुढे त्यांची रवानगी भारतात झाली.

सहा पुस्तके, एकच वाघ

या विषयाचा शोध घेणाऱ्याला पहिला अडथळा येतो तो शीर्षकांचा. भारतीय लष्करावरील इंग्रजी पुस्तकांना वाघाचा मोह अनावर आहे. महायुद्ध चालू असताना भारत सरकारच्या वतीने तीन सचित्र पुस्तके निघाली. ‘द टायगर स्ट्राइक्स’ १९४२ मध्ये, ‘द टायगर किल्स’ १९४४ मध्ये आणि इटलीतील तीन भारतीय डिव्हिजनांची कहाणी सांगणारे ‘द टायगर ट्रायम्फ्स’ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही तिन्ही ब्रिटिश बाजूची, सैन्यभरती आणि मनोधैर्य डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली पुस्तके आहेत. १९५९ मध्ये ह्यू टॉय यांचे ‘द स्प्रिंगिंग टायगर’ आले. ते नेताजींचे चरित्र आहे. १९८६ मध्ये गुरबचनसिंग मंगत यांचे जर्मनीतील भारतीय दलावरील पुस्तक लुधियानाहून निघाले, त्याचेही नाव ‘द टायगर स्ट्राइक्स’. शेवटी रुडॉल्फ हार्टोग यांचे ‘द साइन ऑफ द टायगर’. म्हणजे ग्रंथालयात केवळ नाव सांगून पुस्तक मागवले, तर जर्मनीतील आझाद हिंद दलाऐवजी ब्रिटिश सरकारचे युद्धप्रचाराचे पुस्तक हाती पडण्याची शक्यता बरीच आहे. मागणीपत्रावर लेखकाचे नाव आणि प्रकाशनाचे वर्ष अवश्य लिहावे.

कोठून सुरुवात करावी

प्रथम हाती घ्यावे असे पुस्तक हार्टोग यांचेच. हार्टोग या दलात दुभाषी होते. त्यांचे मूळ जर्मन पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याचा इंग्रजी अनुवाद दिल्लीच्या रूपा प्रकाशनाने २००१ मध्ये काढला. बराकीतील दिनक्रम, जर्मन अधिकारी आणि भारतीय शिपाई यांच्यातील गैरसमज, हॉलंडला जाण्यास काहींनी केलेला विरोध, फ्रान्समधील माघार हे सारे जवळून पाहिलेल्या माणसाच्या लेखणीतून येते. त्यांचा कल सहानुभूतीचा आहे, हे लपत नाही. ज्यांच्याबरोबर तारुण्याची वर्षे काढली त्यांच्याविषयी कठोर होणे कोणालाही अवघड जाते. म्हणूनच फ्रान्समधील प्रकरणे वाचताना सावध राहावे.

त्यांच्या जोडीला ना. गो. गणपुले यांचे ‘नेताजी इन जर्मनी’ ठेवावे. हे पुस्तक मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने १९५९ मध्ये प्रसिद्ध केले. बर्लिनमधील आझाद हिंद केंद्राच्या वर्तुळात वावरलेल्या मराठी माणसाने लिहिलेला हा वृत्तांत आहे. आकाराने लहान असूनही त्याचे मोल मोठे आहे, कारण जर्मन दप्तरांत न सापडणारे घरगुती तपशील, केंद्रातील माणसांचे स्वभाव आणि आपसांतील कुरबुरी त्यात आढळतात. नेताजींविषयी त्यात भक्तिभाव आहे आणि नाझी राजवटीविषयीचे मौन खटकते. ब्रिटिश गुप्तवार्ता विभागात काम केलेल्या टॉय यांचे पुस्तक आणि बर्लिनमधल्या गणपुल्यांचे पुस्तक एकाच वर्षी प्रसिद्ध झाले, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. टॉय यांचा भर पूर्व आशियावर आहे. तथापि शत्रुपक्षातील अधिकाऱ्याने इतक्या आदराने लिहावे, हे आजही वाचकाला चकित करते.

याच केंद्रातून नभोवाणीवर काम केलेल्या मुकुंद व्यास यांच्या आठवणी ‘पॅसेज थ्रू अ टर्ब्युलंट ईरा’ या नावाने १९८२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाल्या. त्या अधिक मोकळ्या आहेत. बर्लिनमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या सावटाखाली एक छोटे भारतीय वर्तुळ कसे जगत होते, हे समजण्यासाठी त्या वाचाव्यात. शिपायांविषयी त्यांत फारसे सापडणार नाही.

नंतरच्या पिढीतील अभ्यासकांनी दप्तरे उघडून लिहिले. लिओनार्ड गॉर्डन यांचे बोस बंधूंचे जोडचरित्र ‘ब्रदर्स अगेन्स्ट द राज’ १९९० मध्ये आले. विस्तार मोठा, पण त्यातील युरोपविषयक प्रकरणे विश्वासार्ह आहेत. यान कुलमान यांचा जर्मन परराष्ट्र खात्याच्या कागदपत्रांवर उभा असलेला प्रबंध २००३ मध्ये जर्मन भाषेत आणि २०१२ मध्ये ‘नेताजी इन युरोप’ या नावाने इंग्रजीत प्रसिद्ध झाला. अक्ष राष्ट्रांना भारताविषयी नेमके काय हवे होते, याचा इतका बारकाईचा तपास अन्यत्र क्वचितच आढळेल. भाषा मात्र रुक्ष आहे. घाईत असलेल्याने रोमां हेज यांचे २०११ मधील ‘सुभाषचंद्र बोस इन नाझी जर्मनी’ वाचावे. १९४१ ते १९४३ हाच कालखंड त्यात घेतला असून, मे १९४२ मधील हिटलर-बोस भेटीचे वर्णन करताना लेखक भक्ती किंवा निंदा यांपैकी कशाच्याही आहारी जात नाही. सुगत बोस यांचे ‘हिज मॅजेस्टीज ऑपोनंट’ त्याच वर्षी आले. ते आप्ताने लिहिलेले पण इतिहासकाराचे चरित्र आहे. नेताजींचे स्वतःचे शब्द हवे असतील तर कोलकात्याच्या नेताजी रिसर्च ब्युरोने काढलेल्या समग्र वाङ्मयाच्या अकराव्या खंडात १९४१ ते १९४३ या काळातील लेख आणि भाषणे आहेत.

एवढे सगळे वाचूनही एक उणीव उरते. या पुस्तकांत नेते आहेत, मुत्सद्दी आहेत, दुभाषी आहेत. शिपाई तेवढा गर्दीत उभा आहे.

तारेआड राहिलेले

ज्यांनी नकार दिला त्यांच्याविषयीचे लेखन तर त्याहून विरळ. निवड करणाऱ्यांपुढे काय होते, हे जाणून घ्यायचे तर नकार देणाऱ्यांनाही समजून घ्यावे लागते. नकारामागे ब्रिटिश राजनिष्ठा होती, असे सरसकट म्हणता येत नाही. मिठाला जागण्याची शिपाईगिरीची जुनी कल्पना, पलटणीची अब्रू, गावाकडे घरी पोहोचणारा पगार थांबण्याची भीती, बरोबरच्या सुभेदाराचा शब्द आणि उद्या कोण जिंकणार याचा अंदाज, या सर्वांचे मिश्रण त्यात असावे. होकारामागेही असेच मिश्रण होते. देशभक्ती होती, त्याचबरोबर उपासमार, छावणीतील कंटाळा आणि बऱ्या वागणुकीचे आश्वासनही होते. जे पुस्तक या दोन्ही बाजूंना एकच कारण चिकटवते, ते बाजूला ठेवलेले बरे.

या बाबतीत घी बाउमन यांचे २०२४ मधील ‘द ग्रेट एपिनाल एस्केप’ महत्त्वाचे ठरते. फ्रान्समधील एपिनाल येथे भारतीय युद्धकैद्यांची मोठी छावणी होती. ११ मे १९४४ रोजी अमेरिकी विमानांनी त्या शहरावर बॉम्ब टाकले. त्या गोंधळात तारा तुटल्या, कैदी बाहेर पडले आणि फ्रेंच गावकऱ्यांच्या मदतीने पायी चालत सुमारे ५०० जण स्वित्झर्लंडमध्ये पोहोचले. परक्या मुलखात, ओळखू येणाऱ्या वर्णाच्या माणसांनी केलेले इतके मोठे पलायन ऐंशी वर्षे जवळपास अज्ञात राहिले. बाउमन यांनी नावानिशी माणसे शोधली आहेत. जर्मन गणवेश घालणे हा एकच मार्ग कैद्यांपुढे नव्हता, हे या पुस्तकातून ठसते.

तोब्रुकच्या लढाईसाठी दोन संदर्भ उपयोगी आहेत. भारत आणि पाकिस्तान यांच्या संयुक्त इतिहास विभागाने बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादनाखाली दुसऱ्या महायुद्धाचा अधिकृत इतिहास अनेक खंडांत प्रसिद्ध केला. त्यातील पी. सी. भरुचा यांचा उत्तर आफ्रिकेवरील खंड १९५६ चा आहे. फाळणीनंतर दोन्ही देशांनी मिळून असे काम पूर्ण केले, हेही आज वेगळे वाटते. दुसरा संदर्भ लेफ्टनंट कर्नल एम. जी. अभ्यंकर यांचा ‘व्हेलर एन्श्राइन्ड’ हा मराठा लाइट इन्फन्ट्रीचा इतिहास. तो १९८० मध्ये ओरिएंट लाँगमनने काढला. रेजिमेंटचे इतिहास विजयांवर रेंगाळतात आणि पराभव ओलांडून पुढे जातात. तरीही कोणती पलटण कोणत्या दिवशी कोठे होती, हे जाणून घेण्यासाठी याला पर्याय नाही.

व्यापक पार्श्वभूमीसाठी श्रीनाथ राघवन यांचे ‘इंडियाज वॉर’ (२०१६) आणि यास्मिन खान यांचे ‘द राज अॅट वॉर’ (२०१५) ही दोन पुस्तके पुरेशी आहेत. पहिले लष्कर आणि अर्थकारण सांगते, दुसरे सामान्य माणसांचे युद्ध.

इटलीच्या आघाडीचा विचार केल्यावर या कहाणीचा विलक्षण पेच समोर येतो. १९४४ मध्ये जर्मन बाजूच्या भारतीय दलाची एक कंपनी इटलीत पाठवण्यात आली होती. त्याच वर्षी, त्याच देशात, १० जुलै रोजी तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे यांनी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात सारे सोबती पडल्यावर एकट्याने शत्रूचे मशीनगनचे ठाणे उद्ध्वस्त केले आणि तेथेच प्राण ठेवला. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्याच्या या बावीस वर्षांच्या तरुणाला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीतील मोंतोने येथे त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळाच्या रूपातील स्मारक २०२३ मध्ये उभे राहिले. वाघाचे चिन्ह लावलेल्या शिपायांचे असे स्मारक कोठे होईल, याचा विचार प्रत्येक वाचकाने आपापला करावा.

कोसॅक आणि भारतीय

जर्मनीच्या बाजूने लढलेल्या परकीयांत भारतीय हे अगदीच थोडे. संख्येने फार मोठा आणि आजही वादाचा विषय असलेला गट रशियातील कोसॅकांचा. सोव्हिएत सत्तेशी जुने वैर असलेल्या हजारो कोसॅकांनी जनरल हेल्मुट फॉन पानवित्स याच्या हाताखाली जर्मन घोडदळात चाकरी केली. युगोस्लाव्हियात त्यांच्याकडून घडलेली क्रूर कृत्येही नोंदली गेली आहेत. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रियातील लिएंझजवळ ब्रिटिशांनी त्यांना बायकामुलांसह सोव्हिएत रशियाच्या हवाली केले. जानेवारी १९४७ मध्ये मॉस्कोत पानवित्स आणि कादंबरीकार म्हणून गाजलेला सेनानी प्योत्र क्रास्नोव्ह यांना फाशी देण्यात आले.

त्यांच्यावरील साहित्य पाहिले की भारतीय दलावरील पुस्तके कशी पारखावीत, हे कळते. सॅम्युएल न्यूलंड यांचे १९९१ मधील ‘कोसॅक्स इन द जर्मन आर्मी’ हे लष्करी कागदपत्रांवर आधारलेले, संयत पुस्तक आहे. निकोलाय टॉल्स्टॉय यांचे १९७७ मधील ‘व्हिक्टिम्स ऑफ याल्टा’ वाचकाला हलवून सोडते, आणि हस्तांतराची शोकांतिका जगापुढे आणण्याचे श्रेय बरेचसे त्याचेच आहे. पण याच लेखकाने पुढे केलेल्या आरोपांवरून लॉर्ड आल्डिंग्टन यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९८९ मध्ये लंडनच्या न्यायालयात त्यांना १५ लाख पौंडांची भरपाई मंजूर झाली. अन्यायाविषयी तळमळीने लिहिणारा लेखक दोषी ठरवताना घसरू शकतो. न्यूलंड यांच्या पुस्तकात लिएंझचे अश्रू थोडे आहेत, तर टॉल्स्टॉय यांच्यात युगोस्लाव्हियातील गावे थोडी. दोन्ही शेजारी ठेवूनच वाचावी लागतात.

भारतीय शिपायांचे नशीब या दृष्टीने वेगळे निघाले. लाल किल्ल्यातील खटले १९४५ च्या नोव्हेंबरात सुरू झाले, ते पूर्वेकडील आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर. देशभर उसळलेल्या लोकभावनेपुढे सरकारला माघार घ्यावी लागली आणि त्याचा लाभ जर्मनीहून आलेल्यांनाही झाला. फासाच्या दोराऐवजी विस्मृती वाट्याला आली. नोकरी मात्र परत मिळाली नाही. स्वतंत्र भारताच्या लष्करानेही त्यांना पुन्हा सामावून घेतले नाही.

मराठीत काय आहे?

मराठीत नेताजींवर विपुल लेखन आहे. वि. स. वाळिंबे यांचे ‘नेताजी’ हे चरित्र आजही वाचनीय आहे. विश्वास पाटील यांची ‘महानायक’ घराघरांत पोहोचली. ती कादंबरी आहे, हे विसरून तिच्यातील संवाद इतिहास म्हणून उद्धृत करण्याची प्रथा मात्र थांबायला हवी. पूर्वेकडील सेनेत सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले हे अग्रभागी होते आणि पुढे ते केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले, त्यामुळे त्या बाजूचे उल्लेख मराठीत सहज सापडतात. युरोपातील दलाच्या शिपायावर त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले.

पहिल्या महायुद्धाकडे वळले तर एक चांगला दुवा मिळतो. त्या वेळीही बर्लिनमधील भारतीय क्रांतिकारकांनी युद्धकैद्यांना फोडण्याचा प्रयत्न केला होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे या खटपटीत इराणपर्यंत गेले. वीणा गवाणकर यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र मराठी वाचकाला ठाऊक आहे. त्यांच्या कन्या सावित्री साहनी यांचे इंग्रजी चरित्र २००८ चे. त्याच काळात बर्लिनजवळील व्युन्सडॉर्फ येथील छावणीत जर्मन भाषातज्ज्ञांनी भारतीय कैद्यांचे आवाज ध्वनिमुद्रित केले होते. त्या ध्वनिमुद्रणांवर आणि कैद्यांवर आधारलेला लेखसंग्रह रवी आहुजा, हाइके लीबाऊ आणि फ्रान्झिस्का रॉय यांनी २०११ मध्ये संपादित केला. शिपायाचा स्वतःचा आवाज ऐकू येतो असे हे दुर्मीळ उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धातील कैद्यांबाबत असे काही झाले असते तर आजचे काम पुष्कळ सोपे झाले असते.

नाशिकमधून शोध घेताना

नाशिककर वाचकासाठी पहिला थांबा अर्थातच १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय, म्हणजे ‘सावाना’. मराठी चरित्रे आणि जुन्या संदर्भग्रंथांसाठी तेथूनच आरंभ करावा. १९५४ च्या कायद्यानुसार भारतात प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तकांच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवणे प्रकाशकांवर बंधनकारक असून, त्यात मुंबईच्या टाऊन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालयाचा समावेश आहे. गणपुले, व्यास, अभ्यंकर आणि हार्टोग यांच्या भारतीय आवृत्त्या तेथे शोधाव्यात. सर्वच प्रकाशक नियम पाळतात असे नव्हे; तरी पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी जाऊन सायंकाळी परतण्याइतके ते अंतर आहे.

घरबसल्या करण्यासारखेही बरेच आहे. युद्धकाळातील सरकारी पुस्तके आणि अधिकृत इतिहासाचे खंड इंटरनेटवरील मुक्त ग्रंथसंग्रहांत मिळू शकतात. राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ आझाद हिंद सेनेच्या कागदपत्रांसाठी पाहावे. नेताजींविषयीच्या केंद्र सरकारकडील गोपनीय फाइली २०१६ पासून टप्प्याटप्प्याने खुल्या करण्यात आल्या. त्यांतील मोठा भाग १९४५ नंतरच्या वादांविषयी असल्याने जर्मनीतील शिपायांचा शोध घेणाऱ्याने फार अपेक्षा ठेवू नये.

घरातील कोणी लामावर गेले होते आणि परतले नाहीत, अशांनी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधावे. भारतीय शिपायांच्या नोंदींत अनेकदा वडिलांचे किंवा पत्नीचे नाव, गाव आणि जिल्हा दिलेला असतो. वाळवंटात पडलेल्या आणि ज्यांची कबर नाही अशांची नावे इजिप्तमधील अल अलामीन स्मारकावर, तर इटलीतील बऱ्याच जणांची कासिनो येथील स्मारकावर कोरलेली आहेत. परत आलेल्यांची नावे येथे मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी पलटण आणि शिपाई क्रमांक माहीत असल्यास बेळगाव येथील मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्राकडे विचारणा करता येते. हा क्रमांक जुन्या पदकांच्या कडेवर कोरलेला असू शकतो, म्हणून पेटीतली पदके आधी बाहेर काढून पाहावीत.

शोध घेताना इंग्रजी स्पेलिंगचा घोळ लक्षात ठेवावा. त्या काळच्या कागदपत्रांत नाशिकचे स्पेलिंग ‘नासिक’ आणि पुण्याचे ‘पूना’ असे आहे. ‘मराठा’ या शब्दात आर या अक्षराआधी एक जादा एच येतो आणि टी हे अक्षर दोनदा लिहिलेले असते. आडनावे तर कारकुनाच्या कानावर पडली तशी उतरली आहेत. जाधवांचे तीन-चार प्रकार सहज सापडतात. कित्येक नोंदींत आडनाव नाहीच, केवळ शिपायाचे आणि वडिलांचे नाव आहे. अशा वेळी नावापेक्षा गावाच्या नावाने शोध घेतला तर नोंद लवकर हाती लागते.